चरक-सुश्रुत असताना हा चिनी वैद्य कशाला?

औषधी झाडांवर बोलताना माझ्या तोंडून ली शिझेनचं नाव निघालं, की समोरून हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मुंग्यांमुळे.

हुबेई प्रांतातल्या छिझोऊचा हा माणूस, जन्म १५१८ चा. आजोबा घंटी वाजवत गावोगाव फिरणारे वैदू, वडील नावाजलेले वैद्य. मुलानं मात्र सरकारी अधिकारी व्हावं अशी घरची इच्छा. त्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला आणि मग वडिलांच्याच धंद्यात शिरला.

आता मुंग्या. खवल्या मांजर मेल्याचं सोंग घेऊन खवले उघडतं, आत मुंग्या शिरल्या की खवले मिटून पाण्यात उतरतं आणि तरंगणाऱ्या मुंग्या खातं, असं जुन्या ग्रंथात लिहिलेलं होतं. हजारेक वर्षं लोक तेच उतरवून घेत होते. ली शिझेननं प्राण्याचं पोट फाडून पाहिलं. आत शेरभर मुंग्या निघाल्या, हे त्यानं मापासकट लिहून ठेवलं. (सोंगाची जुनी गोष्टही त्यानं आपल्या ग्रंथातून गाळली नाही, हेही सांगायला हवं.)

धोतऱ्याचंही तसंच. हे फूल हसत तोडून दारूत घातलं तर पिणारा हसतो, नाचत तोडलं तर नाचतो, अशी समजूत होती. यानं ते करून पाहिलं. त्याचा निष्कर्ष असा: आधी निम्मी झिंग चढायला हवी आणि शेजारी कुणीतरी हसून किंवा नाचून दाखवायला हवं, तरच जमतं! चिनीत या फुलाला ‘मानथुओलुओ’ म्हणतात. हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेला आपलाच ‘मंदार’.

१५५२ ते १५७८ एवढी वर्षं खपून त्यानं ‘बनत्साओ गांगमू’ लिहिला: ५२ खंड, १८९२ औषधी द्रव्यं, अकरा हजारांवर औषधांचे पाठ, म्हणजे कृती. छापायला कुणी लवकर तयार होईना. १५९३ मध्ये तो गेला आणि नानजिंगला ग्रंथ छापून निघाला १५९६ मध्ये.

एक गोष्ट मला अजून खुपते. ज्या खवल्या मांजराचं पोट त्यानं फाडलं, त्याचेच खवले बाळंतिणीला दूध येण्यासाठी याच ग्रंथात सांगितलेत. खवले म्हणजे आपल्या नखांसारखं केराटिन. चीननं ते आपल्या अधिकृत औषधसूचीतून काढले २०२० मध्ये. आमच्या रत्नागिरीकडे त्या खवल्यांपायी अजून शिकार होते.