घाम माझा, पैसे लोकांचे

जंगल वाचवायला सायकल चालवायची आणि त्यासाठी ओळखीपाळखीच्यांकडून पैसे गोळा करायचे, हे बीडला मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, सायकल तू हाणणार, अन् लोकं पैसे कामून देतील?” प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे वर्गणी दिली की मांडव तरी दिसतो, नाहीतर पंगत उठते.

कॅनडात या प्रकाराला वजन आलं ते टेरी फॉक्समुळे. कॅन्सरनं एक पाय गेलेला हा पोरगा 1980 साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवत. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर पळाला, मग आजार फुप्फुसात पोचला. तो वाढला मी राहते त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. म्हणून इथं कुणी ‘मी पळतोय, मी वल्हवतेय, पैसे द्या’ म्हटलं तर कुणी नाक मुरडत नाही.

आमची फेरी व्हँकुव्हर बेटावर, व्हिक्टोरिया शहरातून सूक गावाकडे, गॅलपिंग गूज नावाच्या वाटेनं. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली ही वाट साधारण 55 किलोमीटरची. आगगाडीची असल्यानं चढ बेताचा, गुडघे दुवा देतात. काहीजण सूकच्या खाडीत कयाक वल्हवतात. माणशी एक लाइफ जॅकेट होडीत हवंच, कायदाच आहे. पाणी भर उन्हाळ्यातही बर्फगार. उन्हाळ्यात जिथं पाऊल भिजायची मारामार, त्या बीडच्या बिंदुसरा नदीकाठच्या बाईनं या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सूकच्या बाजूच्या जंगलात सीडरची जुनी खोडं दिसतात, शंभरेक वर्षांपूर्वी कापलेली. बुंध्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर दोन खाचा, आपल्या घरातल्या देवळीसारख्या. त्यात फळ्या खोचून, वर उभं राहून लाकूडतोडे करवत ओढायचे, कारण तळाशी बुंधा फार रुंद. आता त्याच खोडाच्या डोक्यावर हेमलॉकचं झाड उगवलंय आणि त्याची मुळं खोडावरून जमिनीपर्यंत उतरलीत. मी तिथं सायकल टेकवून बराच वेळ बघत राहिले.

असली झाडं पुन्हा तोडू नयेत म्हणून 1993 साली याच बेटावर, क्लेओक्वॉट साउंडला, लोक रस्त्यावर बसले. आठशेच्या वर अटका झाल्या. पैसे लागतात ते अशाच कामांना: कोर्टकचेरी, नकाशे, कधी जमीनच विकत घेणं. रोप लावतानाचा फोटो यात मिळत नाही.

आपल्याकडे मात्र सगळा जोर रोपांवर. खड्डा, रोप, पाहुणे, फोटो. पुढच्या उन्हाळ्यात काडी. आणि पाटोद्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य आहे, 1994 पासून. ते कुणी लावलेलं नाही, नुसतं राखायचंय. वणव्यात गवत पेटलं की जमिनीवरची मोरांची अंडी जातात.

बीडमध्ये पहाटे सायकली काढणारी मंडळी आता बरीच आहेत. त्यांनी उन्हाळ्याआधी नायगावची फेरी काढावी, वनखात्याशी बोलून जाळरेषांच्या, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांच्या कामासाठी पैसे उभे करावेत. पैसे कुणाच्या खात्यावर घ्यायचे आणि हिशेब कुठं लावायचा, एवढं मात्र पहिल्या बैठकीतच ठरवा. मावशीनं पाचशे कबूल केलेत, पण पावती पाहिजे म्हणाली.