गांदो शाळेचं १:५० मॉडेल: पत्रा चढला एकदाचा

भिंती मागच्या अपडेटमध्ये दाखवल्या होत्या, आता छत. नवीन मंडळींसाठी थोडक्यात, ही बुर्किना फासोतल्या गांदो गावची प्राथमिक शाळा, २००१ ची. फ्रान्सिस केरे हे गांदोचेच, बर्लिनला आर्किटेक्चर शिकत होते तेव्हाच पैसे गोळा करून गावासाठी बांधली, २००४ ला तिला आर्किटेक्चरचं आगा खान अवॉर्ड मिळालं आणि २०२२ ला केरेंना प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार, आफ्रिकेतून पहिलेच.

तर छत. माझ्या मते अख्ख्या बिल्डिंगचा जीव तिथेच आहे, म्हणून भिंतींपेक्षा जास्त वेळ त्यातच घालवला. गावाकडे पत्र्याच्या वर्गात एप्रिल काढलाय त्यांना सांगायला नको, डोकं शिजतं नुसतं. केरेंनी काय केलं, तर वर्गावर मातीच्या ब्लॉकचंच कोरडं रचलेलं, फटी ठेवलेलं छत टाकलं आणि पत्रा त्याच्यापासून चांगला वर उचलून धरला, म्हणजे तापतो तो पत्रा, मधनं वारा खेळतो आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर निघून जाते. शिवाय पत्रा भिंतीच्या बराच बाहेर काढलाय. तिकडची जुनी मातीची घरं पावसात झिजतात, दरवर्षी डागडुजी, म्हणून शाळा मातीची म्हटल्यावर गावकरीच आधी तयार नव्हते. मग ब्लॉकच्या मातीत थोडं सिमेंट आणि वर ही छत्री.

पत्र्याला आपलं नेहमीचं कोरुगेटेड कार्डबोर्ड चालत नाही, लाटा फार मोठ्या दिसतात. खऱ्या पत्र्याची लाट साधारण ७६ मिमी, म्हणजे १:५० ला दीड मिमी, आणि एम१० च्या (१० मिमी जाड) थ्रेडेड रॉडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बरोब्बर दीड मिमी!! हार्डवेअरवाल्याकडून वीतभर तुकडा आणला, रबर मॅटवर किचनची फॉइल दुहेरी घडी करून ठेवायची आणि वरून रॉड दाबून लाटण्यासारखा फिरवायचा, बास. आटे तिरके असल्यामुळे खाचाही किंचित तिरक्या उमटतात, पट्टी कापताना तेवढी तिरकी धरून कापायची.

पत्र्याखालचा सांगाडा खऱ्या शाळेत सळयांचा आहे, कारण क्रेन वगैरे तिथे आणणार कोण, गावातल्याच लोकांना हॅक्सॉ आणि छोटं वेल्डिंग मशीन चालवायला शिकवलं आणि सगळं हातानं उचलून वर चढवलं. मी वायरमधली तांब्याची एकेक तार पकडीनं ताणून सरळ केली आणि सोल्डर मारला. जिग, म्हणजे तारा जागेवर धरून ठेवणारा साचा, आधी बनवा, नाहीतर एक जोड लावताना शेजारचा सुटतो.

छत उचलून बाजूला ठेवता येईल असं केलंय, चिकटवलेलं नाही, पोकळी दिसली नाही तर मॉडेल करून उपयोग काय. खाली अगरबत्ती लावून बघितली, धूर फटींतून मस्त वर येतो, अर्थात एवढ्या छोट्या स्केलला हवा खऱ्यासारखी वागत नाही त्यामुळे ती फक्त मजा.

पुढचा नंबर तिथल्याच लायब्ररीचा, गावातल्या बायकांनी दिलेली मडकी वरून-खालून कापून स्लॅबमध्ये बसवलीत, उजेड आणि हवा दोन्ही त्यातनं. त्याला मातीचे मोठ्या भोकाचे मणी बघतोय, साधारण ८ मिमीचे, कुणाला कुठे मिळत असतील तर सांगा. आणि फॉइलची चकाकी मारायला मॅट वार्निश सोडून काही आहे का?