पोरांना सरकारी खातं नको, कोर्स हवाय

आज दिवसभर ऐरोलीत एका अभ्यासिकेत बसून मुलांशी बोललो, करिअर आणि ट्रेनिंगची सगळी सरकारी माहिती एकाच वेबसाइटवर आणायचं डिझाइन करतोय आम्ही त्यासाठी. सध्या बघा ना, आयटीआयचं अ‍ॅडमिशन राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडे, अप्रेंटिसशिपचं पोर्टल केंद्राचं, नोकऱ्यांसाठी २०१५ पासूनचं नॅशनल करिअर सर्व्हिस वेगळं आणि कौशल्याच्या कोर्सेससाठी २०२३ ला आलेलं स्किल इंडिया डिजिटल हब अजून वेगळं. ज्या खात्याचं काम त्याची साइट, म्हणून असं झालंय. पण दहावी झालेल्या पोरीला खात्याशी काय घेणंदेणं?

एकीने सरळ विचारलं, दादा, वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा आहे ना, मग तो ठाण्यात कुठे आहे, फी किती, मुलींना घेतात का आणि नंतर पगार किती मिळतो. मला वाटतं होमपेजवर हेच प्रश्न पाहिजेत, याच क्रमाने, आणि उत्तर साध्या मराठीत मोबाइलवर दिसलं पाहिजे, पीडीएफमध्ये नाही. मुलांच्या घरी कॉम्प्युटर नाहीये हो, सगळं आईच्या फोनवर चालतं! ब्रिटनने २०१२ मध्ये खात्याखात्यांच्या साइट्स एकत्र आणायला घेतल्या, त्याही लोकांना काय लागतं तिथून सुरुवात करूनच, आपल्याकडेही होईल, मनापासून वाटतं.

उद्या वागळे इस्टेटला आयटीआयच्या मुलांना कच्चं डिझाइन दाखवायचंय. तुमच्या घरी कोणी दहावी-बारावीला असेल तर मेसेज करा, त्यांच्याशी बोलायचंय.