तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाडाची लॉटरी लागली, आता राहायला कधी जायचं?

सोडतीच्या यादीत नाव दिसलं की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो: "दसऱ्याला नव्या घरात शिरता येईल ना?" त्यामागोमाग दुसरा, जरा हळू आवाजात: "आणि एकूण किती पैसे लागतील?" दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकदमच देतो. इथे म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मुंबई मंडळाच्या सोडतीबद्दल बोलतोय. गिरणी कामगारांची सोडत वेगळी आणि तिचे नियमही वेगळे.

आधी एक समजूत सरळ करू. सोडतीत तुम्हाला मिळतो तो जाहीर किमतीला, दिलेल्या मुदतीत घर विकत घ्यायचा हक्क. पैसे सगळे तुमचेच. आणि 'परवडणारं' हा शब्द सैल आहे. २०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प उत्पन्न गटाचं ३२२ चौरस फुटांचं घर साधारण ३० लाख ४४ हजारांना होतं आणि त्याच यादीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींच्या वर होतं. उत्पन्न गट मुंबई महानगरात असे: वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, त्यापुढे उच्च. उत्पन्न म्हणजे नवरा-बायको दोघांचं मिळून. बऱ्याच जणांचा अर्ज इथेच फसतो, कारण बायकोच्या शिकवण्यांचं किंवा नवऱ्याच्या कमिशनचं उत्पन्न कुणी धरतच नाही आणि आयकर विवरणपत्रात मात्र ते लिहिलेलं असतं.

कागदांचं फार लांबवत नाही. २०२३ पासून पडताळणी सोडतीच्या आधीच, ऑनलाइन होते, त्यामुळे पूर्वी नंबर लागल्यावर जे अपात्र ठरायचे ते आता आधीच गळतात. आधार, पॅन, अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा, आरक्षित गटातून अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र. अडतं ते नावापाशी. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, अधिवास दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असेल तर अर्ज भरायच्या दोन महिने आधी ते एकसारखं करून घ्या. घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हाताशी हवा. अधिवास दाखला बारकोडचा, अलीकडचा हवा. आजोबांच्या फाइलमधला पिवळा कागद चालत नाही. आणि एजंट म्हाडाने नेमलेला नाही, कुठेही नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर अर्जासोबतची अनामत भरू नका.

आता पैसे. नाव आल्यावर सूचना पत्र येतं. तुम्ही ऑनलाइन स्वीकृती द्यायची, मग तात्पुरतं देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, मिळतं. घड्याळ त्या पत्राच्या तारखेपासून चालू होतं. नेहमीचा पायंडा असा: २५ टक्के रक्कम ४५ दिवसांत, उरलेली ७५ टक्के त्यापुढच्या ६० दिवसांत. मुदतवाढ मिळते, पण व्याज लावून आणि ठरावीक दिवसांपुरतीच. तुमच्या सोडतीची माहिती पुस्तिका आणि तुमचं देकार पत्र यांत जे छापलंय तेच खरं, शेजाऱ्याला गेल्या वेळी काय मिळालं ते नाही.

हिशोबाला सोपं म्हणून अल्प गटातलं ४५ लाखांचं घर धरू. २५ टक्के म्हणजे ११ लाख २५ हजार, अनामत त्यात वळती होते. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांवर जात नाही. झाले सव्वाचौदा लाख, आणि यातला एकही रुपया बँकेकडून येईल असं धरू नका. मुद्रांक शुल्क बँक घराच्या किमतीत मोजत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, फक्त १० लाखांच्या आतल्या घरांना सूट. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला बँकेचा हात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच ढिला होतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या इमारतीतल्या घराला जीएसटी नाही, एवढाच दिलासा.

उरले ३३ लाख ७५ हजार. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिन्याचा हप्ता साधारण २९,३०० रुपये. आता गंमत बघा. अल्प गटाची खालची पायरी वर्षाला ६ लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. बँक साधारण निम्म्या पगारापर्यंतच हप्ता मान्य करते, म्हणजे २५ हजार. सोडतीच्या नियमाने तुम्ही पात्र, बँकेच्या नियमाने अपात्र. घरं परत करणाऱ्यांमध्ये हे लोक नेहमी दिसतात, आणि दोष त्यांचा नसतो: उत्पन्नाची मर्यादा एक जण ठरवतो, घराची किंमत दुसऱ्या हिशोबाने निघते. वरच्या गटात अर्ज करायची मुभा आहे, म्हणजे अत्यल्पवाला अल्प गटात अर्ज भरू शकतो. पण मुभा घेण्याआधी हा हप्ता एकदा कागदावर मांडा. २०२४ च्या सोडतीत खासगी पुनर्विकासातून आलेल्या ३७० घरांच्या किमती म्हाडाला अर्ज सुरू असतानाच १० ते २५ टक्क्यांनी उतरवाव्या लागल्या होत्या, त्यावरून ओळखा.

म्हणून सोडतीच्या आधीच बँकेतून तत्त्वतः मंजुरीचं पत्र आणून ठेवा. सिबिलच्या अहवालात (कर्ज वेळेवर फेडता का याची नोंद) जुन्या क्रेडिट कार्डाचे सातशे रुपये थकलेले दिसतात, ते मिटवून नोंद पुसायला दीड महिना जातो. तेवढाच दीड महिना तुम्हाला देकार पत्राने दिलेला असतो. प्रत्यक्ष कर्ज मिळायला म्हाडाचा गहाण ठेवायचा ना हरकत दाखला लागतो. तो २५ टक्के रक्कम भरल्याच्या दिवशीच मागा.

घर कुणाच्या नावावर, हे अर्ज भरतानाच ठरतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, आपल्या उदाहरणात ४५ हजार. करारात नवऱ्याचंही नाव घातलंत की सवलत गेली. पण दुसरी बाजूही आहे. नवरा कर्जात सहकर्जदार असला आणि घरात मालक नसला, तर तो भरत असलेल्या व्याजावर त्याला जुन्या करपद्धतीतली वजावट मिळत नाही. दोघंही नव्या करपद्धतीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, मग सरळ बाईच्या नावावर घ्या. हे गणित फार कमी लोक वेळेत करतात.

तर दसरा? इमारत तयार असेल, भोगवटा प्रमाणपत्र असेल, बँक वेळेवर असेल, तरी सोडतीपासून सहा महिने धरून चला. इमारत बांधकामात असेल तर तारीख विचारूच नका, मजले मोजा. आणि नाव प्रतीक्षा यादीत असेल तर... शीवला म्हाडाच्याच वसाहतीचं नाव प्रतीक्षानगर आहे, उगाच नाही. जुनं भाड्याचं घर सोडायची नोटीस ताबा पत्र हातात पडल्यावरच द्या, आधी कधीच नाही.

ताबा घ्यायला जाताना बरोबर काय न्यायचं: बादली, रुपयाचं नाणं, टॉर्च, मेजरिंग टेप, खडू आणि इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळणारा तीन दिव्यांचा प्लग टेस्टर. अभियंता सोबत असतो, त्याला घाई असते, तुम्हाला नसावी.

आधी न्हाणीघर. बादलीभर पाणी जाळीपासून लांबच्या कोपऱ्यात ओता आणि बघत उभे राहा. पाणी जाळीकडे सरकायला हवं. कोपऱ्यात थबकलं तर उतार चुकलाय, आणि तो दुरुस्त करायचा म्हणजे फरशी उखडायची. ते सामान यायच्या आधीच होतं. जमलं तर जाळीला चिंध्यांचा बोळा लावून बोटभर पाणी चोवीस तास साठवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. खालच्यांनाही तुमच्याइतकीच ती गरज आहे, ते नाही म्हणत नाहीत. मग नाणं. फरशीवर, भिंतीच्या टाइलवर टकटक करत चला. खणखणीत आवाज म्हणजे खाली माल भरलेला. पोकळ, बद्द आवाज आला की खडूने फुली. एखाददुसरी फुली सगळीकडे निघते, पण ओट्याखाली आणि न्हाणीघरात सलग पाच-सहा आल्या तर त्या बदलून मागा, पाणी तिथूनच उतरतं.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी निघून जायला. रंगाने किंवा सिमेंटने ती बुजलेली असतात. तारेने मोकळी करा, नाहीतर जुलैत पट्टी भरून पाणी आत पलंगावर. एप्रिलात मुंबईतली प्रत्येक भिंत कोरडी असते, त्यामुळे उन्हाळ्यात ताबा घेत असाल तर पश्चिमेच्या भिंतीवर रंगाचे फुगवटे, खिडकीखाली पिवळट कडा आहेत का, ते टॉर्च भिंतीला लावून तिरप्या उजेडात पाहा.

विजेच्या पेटीत एक स्विच असतो, विजेची गळती झाली की वीज तोडणारा. त्यावर चाचणीचं बटण असतं. दाबल्यावर खटका पडायलाच हवा. प्लग टेस्टरने प्रत्येक जागी अर्थिंग आलंय का बघा, विशेषतः गिझरच्या आणि फ्रिजच्या. मीटर आपल्या नावावर करायला शहरात बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा. ताबा पत्राची प्रत लागते.

हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही. ताबा पावतीवर 'सर्व व्यवस्थित' लिहून सही करू नका. दोष खोलीवार लिहा, दोन प्रती, एकीवर पोच. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामाचे दोष विनामोबदला दुरुस्त करून द्यायचे असतात, कळवल्यापासून ३० दिवसांत. कळवल्याचा कागद असेल तरच.

दर महिन्याचा खर्च आधी कुणी विचारत नाही आणि नंतर सगळे त्याच्याच नावाने ओरडतात. सोसायटी स्थापन होईपर्यंत सेवाशुल्क म्हाडाला. ताबा घ्या असं कळवल्यावर तुम्ही चावी न्यायला दोन महिने लावलेत, तरी बहुतेक वेळा ते चालूच राहतं. चार मजली इमारतीतून वीस-बावीस मजल्यांत गेलात की लिफ्ट, आगीचे पंप, सांडपाण्याचा प्रकल्प यांचं बिल आलं. खासगी बिल्डरच्या इमारतीत म्हाडाच्या वाट्याला आलेलं घर असेल तर जलतरण तलावाचाही वाटा मागतात, मग पोहता येवो न येवो. अर्ज भरायच्या आधी त्या इमारतीच्या पहारेकऱ्याला मेंटेनन्स किती ते विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. मात्र ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. घर पाच वर्षं विकता येत नाही. भाड्याने द्यायचं तर आधी म्हाडाची परवानगी.

जागा पाहून अर्ज भरा, हेही ओघाने आलं. म्हाडाच्याच कोकण मंडळाची विरार-बोळींजची घरं हजारोंनी विकायची राहिली होती, कारण स्टेशनपासूनचं अंतर आणि मुख्य म्हणजे पाणी. पुढे ती 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' म्हणून विकावी लागली.

आता सामान. अलीकडच्या उंच इमारतींत भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. त्या तोडता येत नाहीत. ओटा वाढवण्यासाठी मधली भिंत काढू म्हणणाऱ्या कंत्राटदाराला दारातूनच परत पाठवा. साध्या ड्रिलने भोकही पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. नवी वायर भिंत खोदून नेता येत नाही, वरून पट्टीतून न्यावी लागते. म्हणून देवघराचा दिवा, पाण्याचा फिल्टर, एसी कुठे येणार ते आहे त्या प्लगांवरून ठरवा, उलट नको.

आणि कपाट. सात फुटी, दोन फूट खोल कपाट आडवं आत येतं, पण उभं करताना त्याचा कर्ण फिरतो: ७ फूट साडेतीन इंच. वर माळा किंवा तुळई सव्वासात फुटांवर असली की ते तिरपंच अडकून बसतं, आणि ३२२ चौरस फुटांत तिरप्या कपाटाभोवती चौघांना उभं राहायलाही जागा नसते. लिफ्टची उंची, न्हाणीघराच्या दाराची रुंदी (वॉशिंग मशीन ६० सेंटिमीटर असतं) आणि माळ्याखालची उंची, ही तीन मापं ताब्याच्या दिवशीच टेपने घेऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कपाट सुताराकडून करून घेत असाल तर त्याला दोन तुकड्यांत करायला सांगा, खाली पाच फूट आणि वर दोन.