आक्कानं १८ सांगितली

आज नागपंचमी. कात्री खणात आहे आणि आईनं तिच्यावर टॉवेल टाकून ठेवलाय, चुकून हात जाऊ नये म्हणून. कापायचं नाही, चिरायचं नाही, सुई-दोऱ्यालाही शिवायचं नाही असं तिचं म्हणणं. शिवणाचं दुकान बंद ठेवून जिवाला घोर लागत नाही असा वर्षातला हा एकच दिवस. पातोळ्या खाऊन झाल्या, घरभर अजून हळदीच्या पानांचा वास आहे, आणि मी ही वही घेऊन बसले आहे. मापांची नव्हे, ही.

शुक्रवारची गोष्ट डोक्यातून जात नाही.

शुक्रवार म्हणजे आमच्या गोव्यातल्या म्हापशाचा बाजार. शिवोली, हळदोणे, कोलवाळ, थिवी, सगळा गाव पिशव्या घेऊन उतरतो आणि बाजार उरकता उरकता दुकानात डोकावतो. त्या दिवशी शिवण होत नाही, नुसतं घेणं-देणं होतं. अकराच्या सुमाराला मशीनची दोऱ्याची बॉबिन हातातून निसटली आणि टेबलाखाली गेली. मी खाली बसून चिंध्यांमध्ये ती शोधत होते. वर काउंटरला आक्का, माझी जुनी गिऱ्हाईक, उभी होती, फोनवर. मी तिला दिसत नव्हते. मला ती बाय म्हणते. ती म्हणाली, "पूजा २२ला गो. बायला मी १८ सांगितलीय. तिची तारीख चार दिवस आधीचीच धरायची, मग घोर नसतो."

आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. दुधाला विरजण किती लावायचं हे सुनेला सांगावं, तसं सांगत होती.

बॉबिन मला तेव्हाच सापडली होती. तरी मी खालीच बसून राहिले, तिचा फोन संपेपर्यंत. मग उठले, तिच्या ब्लाउजचं अस्तर दाखवलं, रंग जुळतोय ना विचारलं. ती म्हणाली, "तू बघशील ते बरोबरच." आणि नारळाची पिशवी उचलून गेली.

तू बघशील ते बरोबरच. रंगाच्या बाबतीत विश्वास आहे, मापाच्या बाबतीत आहे. पैसे तर ती कधी मोजूनही घेत नाही. फक्त तारखेच्या बाबतीत नाही. आणि हे मला चौदा वर्षांत कळलं नाही.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मी उशिरा देते? माझ्याकडून कुणी लग्नाला, चर्चच्या फेस्ताला, मुंजीला कपड्यावाचून राहिलंय असं एकदाही झालेलं नाही. ही एक गोष्ट मी मनात फार जपून ठेवली होती. दुकान लहान आहे, मशीन दोनच, पण आपल्यामुळे कुणाचं कार्य अडलं नाही. आता वाटतं, अडलं नाही ते कुणामुळे? माझ्यामुळे की आक्कानं धरलेल्या चार दिवसांमुळे?

शनिवारी दुपारी शटर खाली ओढल्यावर घरी झोपायला गेले नाही. आत बसून जुन्या वह्या काढल्या. माझी पद्धत पहिल्यापासून तीच आहे: डावीकडे नाव, मधे काम, उजवीकडे द्यायची तारीख, आणि कपडा गेला की तिच्याखाली लाल पेनानं गेल्याची तारीख. आक्काच्या सगळ्या नोंदी शोधल्या. ४१ निघाल्या. त्यांतल्या १७ ठिकाणी लाल तारीख मागाहूनची. एक दिवस, दोन दिवस, एकदा पाच. पाच दिवस उशीर झाला तेव्हा आई हॉस्पिटलात होती, ते सोडून देऊ. पण बाकीचे सोळा? पानं माझ्या हातची, अक्षर माझं, लाल पेनही माझं. मी लिहीत होते आणि वाचत नव्हते.

कारागिरांसाठीच्या सरकारी विश्वकर्मा योजनेच्या प्रशिक्षणाला बसले होते तेव्हा तिथल्या बाईंनी एक सांगितलं होतं. दिवसाला ५०० रुपये भत्ता मिळत होता म्हणून गेलेल्या आम्ही सगळ्या, अर्धं लक्ष घराकडे. त्या म्हणाल्या होत्या की एक दिवस आपण कितीदा कामावरून उठतो ते मोजा. तेव्हा मोजलं नाही. गेल्या मंगळवारी, म्हणजे आक्काचं बोलणं कानावर पडायच्या आधीच, उगाच मनात आलं म्हणून मोजलं होतं. मशीनशेजारच्या भिंतीवर खडूनं रेघा. उठले की एक रेघ.

संध्याकाळी ३१ रेघा होत्या.

कुणाची साडी फॉल-बिडिंगला. कुणाच्या स्कर्टची चेन. शाळेतून आलेलं पोर, शर्टाचं बटण तुटलेलं, रडवेलं. शेजारच्या दुकानाला पाचशेचे सुटे. व्हॉट्सअॅपवर गळ्याचे फोटो, मागून पुन्हा फोन, "फोटो बघितलास?" कुणी नुसतंच, "येताना तुला हाक मारली गो." यातलं एकेक काम दोन-चार मिनिटांचं. मीही तसंच समजायची, दोन मिनिटं तर आहेत. पण परत मशीनवर बसल्यावर टीप कुठे थांबली होती, हा टक्स घेतला की घ्यायचा आहे, हे आठवायला जो वेळ जातो तो कुठल्याच वहीत येत नाही. त्याच मंगळवारी एका पैठणीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्या. कापड घडीवर उलटसुलट ठेवायचं, समोरासमोर. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण कापताना मधे चेनवाली आली, परत आले तेव्हा कापड दोन्हीकडून सुलटंच राहिलं. काठाची बाही. दुसरा काठ मिळायचा नाही. पदराकडचा तुकडा काढून जोड देऊन कशीबशी उजवी केली, जोड काखेत जाईल असा. त्यात तीन तास गेले. पैठणीवाल्या बाईंना मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

शनिवारी वह्या मिटल्यावर मला माझीच फार कीव आली. लोकांचा सण म्हणजे माझी मुदत. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, तिच्यातच नाताळ, बोडगेश्वराची जत्रा, शिगमो, मिलाग्रीसचं फेस्त. मार्च-एप्रिलमध्ये थोडी उसंत असायची. मशीन उघडून साफ करायची, तेल घालायचं, वहिनीकडे चार दिवस जाऊन यायचं. २०२५ पासून शाळांचे सहावीपासून पुढचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले आणि युनिफॉर्म जूनचे एप्रिलवर आले. ती उसंतही गेली. वहिनी विचारते कधी येतेस. आणि मदतीला होती ती पोर काम सोडून गेल्यापासून... जाऊ दे, तिचं बरं झालं, तिच्याबद्दल वाईट लिहायचं नाही.

हे सगळं मनात आलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. काल संध्याकाळी मात्र एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली.

काजवाल्याचा, म्हणजे बटणांची काजं करून देणाऱ्याचा, फोन आला होता. म्हणाला, बटणपट्ट्या गुरुवारी देतो. मी वहीत लिहिलं: शनिवार. हात थांबलाही नाही. त्याचा गुरुवार म्हणजे शनिवार, हे मला इतकं अंगवळणी पडलंय की मी त्याला खोटा म्हणत नाही, त्याच्यावर रागावत नाही, दुसरा काजवालाही शोधत नाही. त्याच्या हातचं काज कधी उसवत नाही. त्याच्याकडचे दोन दिवस मी धरून चालते, एवढंच. मग मी मागची पानं चाळली, तर गिऱ्हाइकांना सांगितलेली तारीख आणि मी स्वतःसाठी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, दोन्हींत तीन-तीन दिवसांचं अंतर. म्हणजे मीही त्यांना पुढची सांगते. आक्का मला अलीकडची सांगते, मी तिला पलीकडची, काजवाला आम्हा दोघींना. सगळ्यांचे कपडे वेळेवर होतात आणि खरी तारीख कुणालाच ठाऊक नसते.

तर आक्कानं मला फसवलं नाही. काजवाल्याला मी जसं धरते तसं तिनं मला धरलं. सोडून गेली नाही. हे कळल्यावर लागलेलं थोडं कमी झालं. सगळं नाही गेलं. सतरा लाल तारखा आहेत त्या आहेतच.

आज हात रिकामे, म्हणून हिशोब मांडला. चवथ १४ सप्टेंबरला. उद्यापासून १३ तारखेपर्यंत रविवार धरून २७ दिवस. त्यात चार शुक्रवार, ते धरायचेच नाहीत. राहिले २३. अस्तराचा ब्लाउज म्हणजे कटिंग अर्धा तास, शिवण दीड-पावणेदोन, हातशिलाई आणि हूक आईनं केले तर ते वेगळे. दिवसाला तीन होतात, कुणी उठवलं नाही तर. म्हणजे ६९. वहीत चवथीचे किती घेतलेत ते मोजले. ७६. सात ब्लाउज असे आहेत ज्यांच्यासाठी माझ्याकडे दिवसच नाही, आणि ते मी हसून घेतलेत, "होय गो, होईल" म्हणून. दर वर्षी हे सात असणारच. दर वर्षी ते मी रात्री एक-दोन वाजेपर्यंत जागून काढते, आणि चवथीला सगळे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधत असतात तेव्हा मी झोपलेली असते. आईनं हे कधी बोलून दाखवलेलं नाही.

उद्या दारावर पाटी लावणार, चवथीचं शिवण घेणं बंद. गेल्या वर्षी ती आठ दिवस आधी लावली होती, तरी ओळखीचे म्हणून अकरा ब्लाउज आत आलेच. यंदा ओळखीच्यांनाच आधी सांगायला लागेल. ते सगळ्यात कठीण. पाच जणींना तर आताच फोन करून दिवाळीवर जाते का विचारणार. दोघी तरी होय म्हणतील असं वाटतं.

फॉल-बिडिंग, चेन, बटण, सगळं संध्याकाळी सहानंतर, पोदेराचा, पाववाल्याचा, हॉर्न वाजून गेल्यावर. सकाळचे चार तास कुणासाठी उठायचं नाही. रडवेलं पोर आलं तर काय, ते मला माहीत आहे. त्याच्यासाठी उठणार. त्याची रेघ मारणारच नाही.

आणि वहीत एक रकाना वाढवला. मघाशी पट्टी घेऊन सगळ्या कोऱ्या पानांवर रेघा ओढल्या, हाताला काम नव्हतं म्हणून. "कधी द्यायचं"च्या शेजारी "कार्य कधी". आजवर मी हे कुणाला विचारलंच नव्हतं. कपडा कधी हवा एवढंच विचारायची. कशासाठी हवा, पूजा आहे की बारसं, कुणाचं, किती माणसं येणार, हे त्या आपणहून सांगत, तेही मी कापता कापता अर्धं ऐकायची. विचारलं असतं तर आक्का २२च म्हणाली असती. ती खोटं बोलणारी बाई नाही.

तिचा ब्लाउज समोर हँगरला आहे. मोरपंखी, गळ्याला बारीक पायपिंग, मागे नॉट. तिला आवडेल. शनिवारी रात्रीच शिवून झाला, फक्त सहा हूक लावायचे राहिलेत. आज सुईला हात लावता येत नाही. आईला विचारून पाहिलं, हूक म्हणजे काही कापणं नव्हे ना? तिनं मान हलवली, नको.

उद्या १८. आक्का दहाच्या आत कधी येत नाही. मी सहाला उठेन.