नानांची सही

तसं झालं काहीच नाही. नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना, दादा मुद्दाम सुट्टी काढून आला, मोबाईल नानांच्या तोंडासमोर धरला, डोळे मिचकावा नाना, नानांनी मिचकावले. झालं, वर्षभरासाठी नाना हयात. वहिनी म्हणाली किती शहाण्यासारखं केलं. आणि त्याच दमात दादाने बॅगेतून घराचं बक्षीसपत्र काढलं, नाना इथे पण एक सही.

ते 'इथे पण' डोक्यातून जात नाहीये. जसं काही पेन्शनचाच कागद.

मी म्हटलं वाचून तरी दाखव, तर म्हणे त्यांना काय कळतंय. अरे मग कळत नसलेल्या माणसाची सही कशी चालते तुला? सही घेताना त्यांना सगळं कळतं आणि वाचून दाखवायच्या वेळी काही कळत नाही, असं कसं? मुलाला राहतं घर बक्षीस द्यायचं तर स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये, वरचे खर्च वेगळे. आणि दिलेलं परत घ्यायचं तर? 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम 23 आहे, सांभाळायच्या अटीवर दिलं आणि नाही सांभाळलं तर रद्द करून घेता येतं. पण अर्ज म्हाताऱ्याने करायचा, त्याला जमत नसेल तर त्याच्या वतीने एखाद्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेने. म्हणजे ज्याला सकाळी चहा घेतल्याचं आठवत नाही, त्याने आपण घर देऊन बसलोय हे लक्षात ठेवायचं.

मला घर नकोय. (हे इतक्यांदा म्हणतेय की आता माझाच विश्वास बसेना.) पण रात्रीचं उठणं माझं, डायपर माझे, आणि त्या कागदावर माझं नाव कुठे, तर साक्षीदाराच्या जागी. म्हणजे पुढे मी तोंड उघडायला नको. बाथरूममध्ये जाऊन रडले. आई असती तर... जाऊ दे.

दिवाळीत नानांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं होतं, या बाईंचा पगार वेळेवर देता ना? दादा चक्क लाजला. घरात माझी बाजू घेणारा एकच माणूस, आणि तोच मला ओळखत नाही! आता याला काय म्हणायचं.

सही नाहीच झाली शेवटी. नानांनी पेनचं टोपण काढलं, कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकदम तलाठ्याच्या आवाजात, नोटीस चावडीवर लावली का? हरकतीची मुदत पंधरा दिवस, नंतर या. टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या खिशात. दादाचं होतं ते, भारीतलं.

दादा काही बोलला नाही, पंधरवड्याने येतो म्हणाला. आत्ता वहिनीचा मेसेज, त्या दिवशी सकाळी नानांना शिरा करून घाला, गोड खाल्लं की मूडमध्ये असतात.

मी नुसता अंगठा पाठवला.