आमची वाटचाल: 'वायर घासणारे'

चिपळुणात बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सुरुवात डायनामो आणि सेल्फवर झाली. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल मोजून सोडणाऱ्या, स्कॉर्पिओ, सफारी येऊ लागल्या तसा बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला. मधली वर्षं बरी गेली, त्यांचं काय लिहायचं!

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. स्कॅनर, सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, गिऱ्हाइकांच्या गाड्या, सगळं चिखलात. माळ्यावरचा मल्टिमीटर तेवढा वाचला. बँकेचे हप्ते काही बुडाले नाहीत.

पाणी ओसरतंय तोवर हायवेवर एकाने मोठा बोर्ड लावला आणि पुरातल्या गाड्यांना सरसकट नवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगू लागला. आम्ही कनेक्टर उघडून पिना साफ करायचो, म्हणून आम्हांला नाव पडलं 'वायर घासणारे'. आमच्या हाताखाली शिकलेला पोरगाही तिकडेच गेला. असो.

गुहागरचे एक बागायतदार काका तेवढे आमच्याकडे टिकले. त्यांची जुनी सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) स्कॉर्पिओ खड्ड्यात आपटली की बंद पडायची. बोर्डवाल्याने रेल प्रेशर सेन्सर बदलला, क्रँक सेन्सर बदलला, शेवटी ईसीएमचं कोटेशन हातात दिलं. आमच्याकडे आली तेव्हा एकदम तीन सेन्सरांचे कोड. एकदम इतके सेन्सर मरतात होय? ईसीएमकडून सेन्सरांना जाणारी पाच व्होल्टची लाइन तपासली, तर मीटरवर दीडच. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढला, फरक नाही. लूम, म्हणजे वायरांचा जुडगा, हलवला आणि पाच आले! बॅटरी ट्रेखाली वायर पत्र्याला घासून सोलली होती, आतलं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, सोल्डर केली, वर हीटश्रिंक, गरम केली की आवळणारी नळी. ईसीएम जुनाच आहे अजून.

पुढच्या सीझनला वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, आली तशी काकांनी नव्या स्कॅनरला पैसे दिले. ना व्याज, ना कागद.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो: बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ओल्या पिनांत करंट खेळला की त्या कुजतात. आणि भंगारातला ईसीएम नुसता आणून चालत नाही. गाडीला इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) असेल तर तो जुळवावा लागतो, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर कोड छापलेले असतील तर तेही ईसीएममध्ये भरावे लागतात.

हल्ली त्या बोर्डवाल्याकडूनच गाड्या येतात, "जरा वायरिंग बघून द्या" म्हणून. देतो बघून. बिल मात्र पूर्ण लावतो.